गर्दी झाली की वाय-फायवरचा मल्टिकास्ट व्हिडिओ का फाटतो, आणि बडोद्यात आम्ही काय करतो

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. दांडिया बाजारजवळ समाजाची वाडी, गणपतीचे दहा दिवस कार्यक्रम, हॉल भरला की उरलेली माणसं अंगणात, जिन्यात आणि जेवणाच्या बाजूला बसतात, तिथं मिळून १२ टीव्ही, प्रत्येकाच्या मागे एक अँड्रॉइड बॉक्स, वाय-फायचे ६ एपी (ॲक्सेस पॉइंट, हवेत वाय-फाय सोडणारे डबे), आणि एन्कोडर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवर टाकणारं यंत्र, ४ एमबीपीएसचा एकच मल्टिकास्ट स्ट्रीम सोडतो, म्हणजे एकदाच पाठवायचा आणि मागेल त्या सगळ्यांनी घ्यायचा. रिकाम्या वाडीत दोन तास चालवून बघितलं, झकास. पहिल्या दिवशी आरतीला तीनशे माणसं आली आणि सगळ्या टीव्हीवर आधी चौकोन चौकोन, मग चित्र गोठलं. त्यात आता लोकांच्या मोबाइलवर पण हाच स्ट्रीम द्यायचाय. आणि तुम्ही विचारताय की रिलायेबल मल्टिकास्टचं, म्हणजे हरवलेला डेटा भरून काढणाऱ्या मल्टिकास्टचं, चांगलं सॉफ्टवेअर कुठलं.

सॉफ्टवेअर आहेत, त्यांच्याकडे येते, पण आधी सांगते की तुमचा घोळ सॉफ्टवेअरचा नाहीये. तुमची हवा संपलीये. हवा म्हणजे एअरटाइम, एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं, तो बोलायचा वेळ. मी सतरा-अठरा वर्षं हेच काम करतेय, पार्टी प्लॉटमधली लग्नं, गरब्याची ग्राउंडं, कॉलेजचे हॉल, आणि दर वेळी माणसं वाय-फायची रेंज बघतात, पट्ट्या फुल आहेत म्हणतात, एअरटाइम कोणी बघतच नाही.

मल्टिकास्ट तारेवर इतकं छान चालतं की हवेतही तसंच चालेल असं वाटणं साहजिक आहे. १९८९ साली आरएफसी १११२ या इंटरनेटच्या नियमपत्रात ते लिहिलं गेलं तेव्हा वाय-फायचं पहिलं स्टँडर्ड यायला अजून आठ वर्षं होती. स्विचला (नेटवर्कच्या तारा जोडणारा डबा) एक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, द्या, तो ज्यांनी मागितलंय त्या पोर्टवर कॉपी करून देतो, काम संपलं. हवेत मात्र दोन गोष्टी बदलतात.

एक म्हणजे पोच. साधं युनिकास्ट, म्हणजे एकालाच पाठवलेलं, पॅकेट गेलं की समोरचा लगेच पोच देतो, पोच नाही आली तर एपी परत पाठवतो, परत परत पाठवतो, स्पीड कमी करून बघतो. म्हणजे हवेत पाच-दहा टक्के पॅकेट रोजच मरतात पण तुम्हाला कळत नाही कारण रेडिओ खालच्या खाली निस्तरून टाकतो. मल्टिकास्टला पोच नाही. बाराजणांनी एकदम पोच दिली तर ती एकमेकांवर आदळणार, म्हणून ठेवलीच नाही. हे रजिस्टर पोस्ट नाही, चौकात पत्रकं उधळण्यासारखं आहे, मिळालं त्याला मिळालं. आणि गर्दीत टक्कर झाली तर युनिकास्ट पाठवणारा पोच नाही म्हणून समजतो आणि पुढच्या वेळी जास्त थांबतो, मल्टिकास्टवाल्याला टक्कर झाली हेच कळत नाही, तो आपला त्याच घाईनं पुढचं पॅकेट ढकलतो.

दुसरी गोष्ट वेग. मांडवात भोंग्यावरून सूचना देणारा माणूस कसा बोलतो, सगळ्यात मागे बसलेल्या कमी ऐकू येणाऱ्या आजोबांनाही कळावं म्हणून एकेक शब्द सावकाश, बरोबर? एपी मल्टिकास्ट तसंच बोलतो. २.४ गीगाहर्ट्झवर बहुतेक वेळा १ किंवा २ एमबीपीएसला, ५ गीगाहर्ट्झवर ६ एमबीपीएसला. डब्यावर १२०० लिहिलंय की १८०० त्याचा इथं काही संबंध नाही.

आता तुमचाच हिशोब करू. ४ एमबीपीएसचा स्ट्रीम, एका यूडीपी पॅकेटमध्ये ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचे १८८ बाइटचे ७ तुकडे म्हणजे १३१६ बाइट, सेकंदाला साधारण ३८० पॅकेट. ६ एमबीपीएसला एक पॅकेट हवेत जायला हेडर, थांबणं वगैरे धरून जवळजवळ २ मिलिसेकंद. ३८० गुणिले २, म्हणजे सेकंदातला पाऊण सेकंद एकट्या तुमच्या व्हिडिओनं खाल्ला. आणि हे एका एपीचं झालं. तारेवर स्ट्रीम एकच असला तरी हवेत तो प्रत्येक एपी परत बोलतो, त्यामुळे एकमेकांना ऐकू येणारे दोन एपी एकाच चॅनलवर असले तर झाले दीडशे टक्के, जे होऊच शकत नाही, मग रांगा भरतात आणि पॅकेट फेकली जातात. २.४ वर असाल तर १-२ एमबीपीएसच्या नळीतून ४ एमबीपीएस घालायचा प्रयत्न चाललाय, बोलायलाच नको.

मग रिकाम्या वाडीत कसं चाललं? कारण उरलेली पाव हवा कोणी मागत नव्हतं. आरतीला तीनशे फोन आले, त्यांनी तुमच्या वाय-फायला जोडलं नाही तरी ते दर थोड्या वेळानं "कोणी ओळखीचं आहे का" असं ओरडतात, तेही सगळ्यात हळू वेगानं. त्यात दोघा-तिघांचे हॉटस्पॉट, पोळीतल्या (पोळ म्हणजे इथली दाट वस्तीची गल्ली) घरांचे राउटर भिंतीला भिंत लागून, आणि माणसाचं अंग म्हणजे पाणीच की, ५ गीगाहर्ट्झला ते चांगलंच अडवतं. एपी तुम्ही डोक्याच्या उंचीवर खिडकीत ठेवला असेल तर समोर माणसं उभी राहिली की संपलं.

तिसरा एक छुपा चोर आहे, तो फार कमी लोकांना माहिती असतो. फोन झोपतो, म्हणजे बॅटरी वाचवायला वाय-फाय अधूनमधून बंद ठेवतो. त्या वाय-फायला जोडलेला एकही फोन झोपलेला असला तरी एपी मल्टिकास्ट सगळ्यांसाठीच अडवून ठेवतो आणि ठरलेल्या बीकनलाच (बीकन म्हणजे एपी ठरावीक वेळानं देतो ती "मी इथं आहे" अशी हाक) सोडतो, डीटीआयएम म्हणतात त्याला. बीकन दर १०२.४ मिलिसेकंदाला, डीटीआयएम ३ असेल तर साधारण ३०० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात तुमची सव्वाशेच्या आसपास पॅकेट जमा होतात, आणि काही एपीत ही रांगच शंभर-सव्वाशे पॅकेटची असते. काठोकाठ! जरा बिटरेट वर उसळला की सांडलं. म्हणून "कोणाचा तरी फोन जोडला की टीव्ही अडकतो" असं लोक सांगतात तेव्हा मी हसत नाही, खरंच होतं ते.

उपाय काय, हे तुमच्या वाडीवर अवलंबून आहे. तार ओढता येते का, टीव्ही हॉलच्या किती जवळ आहेत, एपी कुठल्या जातीचे, स्विच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) आहे का, हे बघितल्याशिवाय छातीठोक सांगणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकायला आलाय असं समजा. मी काय करते आणि का, तेवढं सांगते.

पहिलं, जो टीव्ही जागचा हलत नाही त्याला हवा देऊच नका. दहा दिवस भिंतीला टांगलेला टीव्ही वायरलेस का असावा हे मला कोणी पटवून दिलेलं नाही. कॅट-६ची नेटवर्क केबल ओढा, बॉक्सला इथरनेट पोर्ट असतं, त्यात खुपसा, तोच मल्टिकास्ट त्याच बॉक्सवर एक पॅकेट न सांडता चालेल. हॉलच्या दाराजवळचे दोन-तीन टीव्ही तर सरळ एचडीएमआय स्प्लिटरवर घ्या, कारण तिथं आतला आवाज ऐकू येतो आणि चित्र एक-दोन सेकंद मागे असलं की टाळ्या आधी आणि ताल नंतर, फार विचित्र दिसतं. मंडळी म्हणतात वायर दिसते, वाईट दिसतं. आरतीच्या मधोमध गोठलेला गणपती जास्त वाईट दिसतो. समजा १२ पैकी ८ तारेवर गेले, तर उरलेल्या चारांसाठी डोकं लावायचंय, आणि ते सोपं आहे.

तारेवर जाताना स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे कुठल्या पोर्टवर कोणी स्ट्रीम मागितलाय ते ऐकून तिथंच देणं, चालू करा, नाहीतर तो स्ट्रीम प्रत्येक पोर्टवर उधळतो आणि जिथं कोणी बघत नाहीये असे एपीसुद्धा तो हवेत ओकत बसतात. पण नुसतं स्नूपिंग चालू करून थांबलात तर एक गंमत होते, जिच्यात माझी आख्खी एक रात्र गेलीये. एका हॉलमध्ये स्ट्रीम चालू केला की मस्त चाले आणि चार मिनिटं आणि थोड्या सेकंदांनी बंद पडे. परत चालू केला, परत तेवढ्याच वेळानं बंद. आम्ही एन्कोडर बदलला, बॉक्स बदलले, केबल बदलली, दीर म्हणाले वहिनी आता हॉल बदलूया. शेवटी घड्याळ लावलं, २६० सेकंद. मग ट्यूब पेटली. स्विच बॉक्सनं मागितलेलं लक्षात ठेवतो, पण अधूनमधून कोणीतरी "अजून हवंय का" असं विचारायला लागतं, त्याला क्वेरियर म्हणतात. तो दर १२५ सेकंदांनी विचारतो, दोन वेळा विचारायची सवड अधिक उत्तराला १० सेकंद, म्हणजे २६०, तेवढ्यात काहीच कानावर आलं नाही तर स्विच समजतो की कोणी बघत नाहीये आणि नळ बंद करतो. आमच्या नेटवर्कमध्ये राउटर नव्हता, म्हणून क्वेरियरच नव्हता. एका स्विचवर क्वेरियर चालू केला, एक टिक, काम झालं. तुम्हीही बघून घ्या.

अजून एक बारकं, पत्ता निवडताना २३९.०.०.काहीतरी घेऊ नका. आयपीचे पत्ते मॅक पत्त्यात (स्विच ज्यावरून ओळखतो तो हार्डवेअरचा पत्ता) बसवताना खालचे २३ बिटच वापरतात, त्यामुळे २३९.०.०.५ आणि २२४.०.०.५ स्विचला सारखेच दिसतात, आणि २२४.०.०.० वाल्यांना बरेच स्विच मुद्दाम सगळीकडे उधळतात. २३९.१०.२०.१ असं काही घ्या. आणि मध्ये राउटर असेल तर टीटीएल, म्हणजे पॅकेटनं किती टप्पे जायचं तो आकडा, बघा, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तो १ असतो, पॅकेट पहिल्याच उंबरठ्यावर मरतं.

आता हवेतले चार टीव्ही. इथं मी मल्टिकास्ट हवेत जाऊच देत नाही. बऱ्याच एपीत मल्टिकास्टचं युनिकास्ट करायची सोय असते, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, कुठं मल्टिकास्ट एन्हान्समेंट, कुठं मल्टिकास्ट ऑप्टिमायझेशन, ओपनडब्ल्यूआरटीवाल्यांकडे तर सरळ मल्टिकास्ट टू युनिकास्ट. एपी ज्यानं मागितलंय त्याला वेगळी कॉपी पाठवतो. कॉपी जास्त झाल्या, मग हवा जास्त नाही का लागणार? इथंच सगळे चकतात. युनिकास्टला पोच आहे, वेग आहे, पॅकेटांचे गठ्ठे करून पाठवता येतात. साध्या दोन अँटेनाच्या बॉक्सला २० मेगाहर्ट्झवर खरे ५०-५५ एमबीपीएस मिळाले तरी ४ एमबीपीएसला ७-८ टक्के हवा लागते. म्हणजे ६ च्या वेगावरचा एक मल्टिकास्ट जेवढी हवा खातो तेवढ्यात दहाएक टीव्हींना वेगवेगळी कॉपी देऊन होते, वर ती पोचल्याची खात्री. एका एपीवर एक-दोन टीव्ही असताना हा विचार करायचा प्रश्नच नाही. माझं साधं गणित, एका एपीवर दहा-बाराच्या आत असतील तर युनिकास्ट करा, त्याच्या पुढे विचार करा.

काही लोक सांगतील मल्टिकास्टचा वेग वाढवा, ६ चा २४ करा. करता येतो, आणि हवा पाऊण सेकंदावरून पाव सेकंदाच्या आत येते, मोठा फरक आहे. पण मी एका पार्टी प्लॉटवर हे करून बसलेय. वरात दारात, आठपैकी सात टीव्ही सुधारले, आणि जेवणाच्या काउंटरमागचा आठवा, जो आत्तापर्यंत निदान चौकोन तरी दाखवत होता, तो पूर्ण काळा. भोंगेवाला भराभर बोलायला लागला की मागच्या आजोबांना काहीच कळत नाही ना, तसं. मुलीचे मामा नेमके त्याच टीव्हीसमोर ताट घेऊन उभे होते. शेवटी सेव-उसळीच्या काउंटरखालून तार ओढली. तेव्हा २४ करा, पण प्रत्येक टीव्हीपर्यंत चालत जाऊन बघा.

टीव्हींसाठी वेगळं एसएसआयडी, म्हणजे वेगळ्या नावाचं वाय-फाय, करा, फक्त ५ गीगाहर्ट्झ, पासवर्ड कार्यकर्त्यांनाही देऊ नका. फोन तिथं नसले तर तो झोपण्याचा घोळ बराच मिटतो, बॉक्समधलं वाय-फायचं पॉवर सेव्हिंग बंद करता आलं तर करा, आणि डीटीआयएम १ ठेवा. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, ८० चा मोह नको, तुम्हाला एका फोनवर स्पीड टेस्ट जिंकायची नाहीये, ६ एपींना वेगवेगळी जागा द्यायचीये. ३६ ते ४८ मध्ये चार आणि १४९ ते १६५ मध्ये पाच, नऊ चॅनल झाली, पुरे आहेत. मधली रडारवाली चॅनल शक्यतो टाळा, एपीला रडार ऐकू आल्यासारखं वाटलं की तो ते चॅनल सोडून पळतो, नेमका आरतीला पळाला तर काय. एपी माणसांच्या डोक्याच्या चांगले वर बांधा.

स्ट्रीमही जरा हलका करा. अंगणातल्या ४३ इंची टीव्हीवर ७२० ला २ एमबीपीएस पुरतात, भजनात कॅमेरा फारसा हलत नाही. की-फ्रेम, म्हणजे पूर्ण नवं चित्र, दर सेकंदाला ठेवा, कारण एक पॅकेट गेलं की पुढच्या की-फ्रेमपर्यंत चित्र फाटलेलं राहतं, दहा सेकंदांनी येत असेल तर दहा सेकंद चौकोन.

आता मोबाइल. मोबाइलवर मल्टिकास्ट विसरा. ब्राउझर तो वाजवत नाही, अँड्रॉइडमध्ये ॲपनं मल्टिकास्ट लॉक घ्यावा लागतो, आयफोनमध्ये आयओएस १४ पासून ॲपला अॅपलची खास परवानगी लागते, आणि आरतीला आलेल्या काकूंना तुम्ही ॲप टाकायला लावणार का? वाडीत एक छोटा सर्व्हर ठेवा, त्यावर एचएलएस, म्हणजे ब्राउझरमध्ये छोट्या तुकड्यांनी चालणारा व्हिडिओ, ८०० केबीपीएस ते १ एमबीपीएस, क्यूआर कोड खांबाला चिकटवा. काही सेकंद मागे राहील, चालतं, बाहेर बसलेल्याला फरक पडत नाही. घरून बघणाऱ्यांना यूट्यूबची लिंक. पण मला प्रामाणिकपणे विचाराल तर वाडीत आलेला माणूस फोनवर कशाला बघेल हे एकदा मंडळात विचारा. माझ्या पाहण्यात उद्घाटनाच्या दिवशी लोक कौतुकानं उघडतात आणि नंतर रील्स बघतात, त्याच वाय-फायवर.

राहिलं तुमचं रिलायेबल मल्टिकास्ट. आहे, आणि खरंच सुंदर आहे, फक्त तुमच्या आकाराला नाही. एका एपीखाली शंभर-दोनशे लोक एकच गोष्ट बघतायत, स्वतःचं ॲप आहे, मोठं लेक्चर हॉल किंवा स्टेडियम, तिथं ते लागतं. सरळ उपाय सुचतो की ज्याचं पॅकेट हरवलं त्यानं परत मागावं, पण दोनशे फोनांनी एकदम "मला नाही मिळालं" म्हटलं की त्या ओरड्यानंच हवा भरते. म्हणून २००९ च्या आरएफसी ५७४० मधलं नॉर्म दोन युक्त्या करतं. मागणारे थोडं थोडं, वेगवेगळं थांबतात, आणि दुसऱ्यानं आपल्या वाटचं मागितलेलं ऐकलं की गप्प बसतात. आणि परत पाठवताना तेच पॅकेट नाही, दुरुस्तीचं पॅकेट पाठवतात. माझं तिसरं हरवलं, तुमचं सातवं, एकच दुरुस्तीचं पॅकेट दोघांचं भागवतं. २० पॅकेटांमागे ५ दुरुस्तीची आधीच पाठवली तर कोणाची कुठलीही ५ गेली तरी चालतात, रॅप्टरक्यू नावाचा कोड याच कामात जवळपास तेवढंच, अगदी मोठ्या गठ्ठ्यांवर करतो. वाय-फायमध्ये पॅकेट एकेक नाही, झुबक्यानं मरतात, म्हणून गठ्ठा मोठा लागतो आणि तेवढा उशीर वाढतो. आणि वाजवणाऱ्या बाजूलाही ते समजणारा प्लेअर हवा, नुसतं एन्कोडरमध्ये टिक करून काही होत नाही. वाय-फायच्या स्टँडर्डमध्येही २०१२ च्या ८०२.११एए मध्ये परत पाठवण्यासकट मल्टिकास्टची सोय लिहून ठेवलीये, पण तुमच्या बाजारातल्या अँड्रॉइड बॉक्समध्ये ती असेल या भरवशावर मी एक रुपया लावणार नाही.

या सगळ्यात मेख अशी की ५ दुरुस्तीची पॅकेटं म्हणजे २५ टक्के जास्त हवा. आधीच पाऊण हवा खाणाऱ्या स्ट्रीमवर हे चढवलं तर पाऊणचे चौऱ्याण्णव टक्के होतात आणि ज्या गर्दीमुळे पॅकेट मरत होती तीच वाढते. म्हणून हवा मोकळी केल्यावरच हा विचार, आधी नाही.

तुमच्या जागी मी उद्या सकाळी एवढं करीन, एपीच्या कंट्रोलरमध्ये चॅनल युटिलायझेशन, म्हणजे चॅनल किती टक्के वेळ भरलेलं असतं ते, उघडीन आणि त्याचा स्क्रीनशॉट आरतीच्या वेळी काढीन, दुपारी नाही. ७०-८० च्या वर दिसलं तर वर लिहिलंय तेच आहे. ३० च्या खाली असून पण फाटत असेल तर मग तार, क्वेरियर किंवा एन्कोडर, ते वेगळं प्रकरण, तेव्हा स्विचचं मॉडेल आणि एपीचं मॉडेल लिहा. आणि टीव्ही चालू करून घड्याळ लावा, बंद पडला तर किती मिनिटांनी पडला ते सेकंदांसकट सांगा.